आकडा लावा आणि सोडून द्या

हिवाळ्यात मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांशी आज बोलायचं आहे, ते तिथल्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटबद्दल.

माझी लेक नॉर्थ कॅरोलायनात राहते. त्या भागात पुष्कळ घरांत हीट पंप असतो. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. बाहेरच्या गार हवेतही उष्णता असते. ती ओढून तो घरात आणतो. उष्णता नुसती वाहून आणायची असल्यामुळे एका युनिट विजेत दोन-तीन युनिटांची ऊब मिळते.

जानेवारीतल्या पहिल्याच सकाळी मी जमिनीतल्या जाळीवर हात धरला. हवा नुसती कोमट! मला वाटलं, यंत्र बिघडलं. म्हणून थर्मोस्टॅटचा आकडा ६८ वरून थेट ७६ वर नेला. हे फॅरेनहाइट बरं का; ६८ म्हणजे आपले २०. पडद्यावर 'ऑक्स हीट' अशी अक्षरं उमटली आणि जाळीतून चांगली गरम हवा आली.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, ऑक्स म्हणजे आतली विजेची कॉइल. आपल्या गीझरसारखी."

गीझरसारखी, म्हणजे एका युनिटाला एकच युनिट ऊब. आकडा एकदम वर चढवला की पंप एकट्याने पुरा पडत नाही आणि कॉइल मदतीला येते. बिल वाढतं ते तिच्यामुळे. कोमट हवा हीच हीट पंपाची रीत आहे. ती अंगाला जाणवत नाही, पण सलग येत राहते आणि घर उबदार ठेवते.

खोलीतून उठताना दिवा-पंखा बंद करायचं वळण आपल्या हाडात मुरलेलं असतं. त्यामुळे रात्री आकडा खूप उतरवायचा, सकाळी पुन्हा चढवायचा, असं आपण सहज करतो. इथे ती काटकसर उलटते. सोसेल तो आकडा लावा आणि तसाच राहू द्या. चार-आठ दिवस घर बंद राहणार असेल, तर मात्र जरूर खाली आणा.

'इमर्जन्सी हीट' असंही एक बटण असतं. ते बाहेरचं यंत्र बंद पडलं तरच वापरायचं. नुसती थंडी वाढली म्हणून नाही.

आणि कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या यंत्रातून भसाभस वाफ निघताना दिसली, तर घाबरून काही बंद करू नका. अंगावर साचलेलं हिम वितळवायला ते थोडा वेळ उलटं फिरतं. पाच-दहा मिनिटांत वाफ थांबते आणि जाळीतून पुन्हा तीच कोमट हवा येऊ लागते.