छोट्या विमानाचे ट्यूबलेस टायर

सेसना १७२ सारख्या शिकाऊ विमानांच्या टायरमध्ये आजही बहुधा ट्यूबच असते. ट्यूबलेसमध्ये वजन वाचतं, ट्यूब चिमटून पंक्चर होण्याची भीतीही राहत नाही. पण त्यासाठी चाकही ट्यूबलेसचंच लागतं. विमानाचं चाक दोन भाग बोल्टने जोडून बनतं आणि त्या सांध्यात बसवलेली रबरी रिंग हवा धरून ठेवते. टायर बदलताना ही रिंग तपासायलाच हवी. बोल्ट सैल करण्याआधी टायरमधली सगळी हवा सोडा. इथली हयगय जिवावर बेतते.

आकार, प्लाय रेटिंग आणि वेगमर्यादा विमानाच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्या. नव्या टायरमधले नायलॉनचे थर ताणले जातात आणि दाब उतरतो. म्हणून बसवल्यावर बारा तास थांबून पुन्हा हवा भरायची. टायरच्या बाजूला काही रंगीत ठिपके दिसतात, त्या थरांत झिरपलेली हवा बाहेर पडण्याच्या छिद्रांच्या खुणा. त्यांवर रंग फासू नका.

टायरचा खरा शत्रू म्हणजे कमी हवा. बाजू सतत दुमडते, आतून तापते, आणि बाहेरून काही कळतही नाही. बाकी आयुष्य वैमानिकाच्या पायांत आहे. वेगात उतरून करकचून ब्रेक लावला, तर एका लँडिंगमध्ये रबर एकाच जागी सपाट घासलं जातं. एक चाक रोखून जागच्या जागी विमान वळवणंही तितकंच वाईट.

तेल सांडलं तर साबणाच्या पाण्याने धुवा, पेट्रोलने नाही. आणि वैमानिक मित्रांनो, टायर थंड असताना गेज लावूनच हवा बघा; नुसत्या नजरेवर विसंबू नका.