फोल्डरची बदली



मी पायदळात 30 वर्षं नोकरी केली आणि आता इंदूरला असतो. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर काही नाही, मी साधा बी.ए. आहे. तरीही आज कॉम्प्युटरवर बोलणार आहे, कारण माझ्या एका चुकीमुळे 29 घरांचे कागद जाता जाता वाचले.

निवृत्तीनंतर मी एक काम अंगावर घेतलं. आमच्या पलटणीतल्या दिवंगत जवानांच्या घरच्यांना पेन्शनचे कागद लावून द्यायचे. फौजेच्या रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव सुमन, आधारवर सुमनबाई. जन्मतारीख एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी. एवढ्यावरून कौटुंबिक पेन्शन अडते. म्हणून डिस्चार्ज बुक, पीपीओ, लग्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, सगळं स्कॅन करून मी वनड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवत होतो. मूळ कागद ज्याच्या त्याच्या घरी. काही घरांत ते पावसानं आणि वाळवीनं केव्हाच खाल्लेले. तिथं माझं स्कॅन हाच कागद.

माझ्या लॅपटॉपला दोन ड्राइव्ह आहेत. सी 128 जीबीची, त्यात विंडोज. डी 1 टीबीची, जवळजवळ रिकामी. वनड्राइव्ह स्वतःहून सीवरच घर करतं. बसवताना जागा विचारणारा दुवा तिथं असतो, पण मी 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे गेलो होतो. दोन वर्षांत सी लाल झाली आणि लॅपटॉप रांगायला लागला.

मग मी फौजी डोकं चालवलं. मूळ फायली वर क्लाउडमध्ये सुरक्षित आहेत, सीवर नुसती नक्कल आहे, तर नक्कल उडवा. कागदांचं सगळं फोल्डर डिलीट केलं. स्क्रीनवर सूचना आली, ती न वाचता बंद केली. जागा हवी होती म्हणून रिसायकल बिनही रिकामं केलं. लॅपटॉप पळायला लागला. मी खूश.

तीन आठवड्यांनी एका वहिनींचा सातारा जिल्ह्यातून फोन आला. "साहेब, ह्यांचं डिस्चार्ज बुक पाठवता का? उद्याच लागतंय म्हणतायत." मी मोबाइलवर वनड्राइव्ह उघडलं. फोल्डर नाही. लॅपटॉपवर नाही, वेबवर नाही. वहिनींना म्हणालो, "संध्याकाळपर्यंत पाठवतो." आवाज शांत ठेवला, पण हाताला घाम फुटला होता.

मुलगी बंगळूरला असते. तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आधी कशाला हात लावू नका. डिलीट कधी केलं?" मी सांगितलं, 22 दिवस झाले. "मग आठ दिवस आहेत आपल्याकडे."

तिनं समजावलं ते असं. सिंक म्हणजे गोदाम नव्हे, सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. पण वैयक्तिक खात्यात वनड्राइव्हच्या वेबसाइटवर वेगळं रिसायकल बिन असतं आणि त्यात पुसलेल्या फायली साधारण 30 दिवस राहतात. तिथं जाऊन मी 'रिस्टोअर' दाबलं. 29 फोल्डर वहीशी ताडून मोजले. पूर्ण होते. वहिनींना कागद संध्याकाळच्या आत गेला.

आता योग्य रीत सांगतो. लिहून घ्या.

एक. टास्कबारवरच्या ढगाच्या चिन्हावर उजवं क्लिक करून सिंक पूर्ण झालं आहे ना, बघा. मग वेबसाइटवर जाऊन फायली दिसतात का, तेही स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दोन. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांचा बॅकअप वनड्राइव्हकडे चालू असेल, तर सेटिंग्जमध्ये तो आधी थांबवा. नंतर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, त्या फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये शोधा.

तीन. सेटिंग्ज, अकाउंट, 'अनलिंक धिस पीसी'. यानं फायली पुसल्या जात नाहीत, फक्त आरशाची दोरी सुटते.

चार. सीवरचं वनड्राइव्ह फोल्डर आहे तसं डीवर हलवा.

पाच. वनड्राइव्ह पुन्हा सुरू करून साइन इन करा. 'युवर वनड्राइव्ह फोल्डर' असा पडदा येईल. तिथं 'चेंज लोकेशन' दाबून डी निवडा. इथं आधीच फायली आहेत, असं तो सांगेल. 'यूज धिस लोकेशन' म्हणा. डी ही लॅपटॉपच्या आतली ड्राइव्ह असावी. पेन ड्राइव्ह नको, ती निघाली की सगळं अडतं.

आणि अडचण नुसती जागेची असेल, तर हलवायचीही गरज नसते. फोल्डरवर उजवं क्लिक करून 'फ्री अप स्पेस' म्हणा. हिरव्या खुणेच्या जागी निळा ढग येतो. म्हणजे फाइल फक्त वर आहे, उघडली की खाली उतरते. मला खरं तर एवढंच हवं होतं. मी मात्र 'डिलीट' दाबून बसलो होतो.

पहारा बदलताना आम्ही एक नियम पाळायचो. नवा जवान जागेवर येऊन उभा राहिल्याशिवाय जुना जवान पोस्ट सोडत नाही. हा नियम मी शेकडो पोरांना शिकवला आणि स्वतःच्या लॅपटॉपवर विसरलो. नवी जागा तपासल्याशिवाय जुनी रिकामी करायची नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या कागदांची एक नक्कल वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतो. ती डिस्क काढून कपाटात ठेवतो. तिला कुठलंही सिंक नाही. इथं काही पुसलं तरी तिथं पुसलं जात नाही.

तुमच्या घरीही कुणाचे तरी कागद असतील. आज घरी गेलात की ते नक्की कुठल्या ड्राइव्हवर आहेत आणि दुसरी नक्कल कुठं आहे, एवढं बघा. उत्तर सापडलं नाही तर काही डिलीट करू नका, आधी कुणाला तरी फोन करा.

जय हिंद.