प्रोस्टेटची वाढ : रोग्याची लाज आणि डॉक्टरची घाई



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा माझे एक स्नेही म्हणाले, "अहो, हा काय चारचौघांत बोलायचा विषय झाला?" त्यांचे वय एकाहत्तर. रात्री ते चार वेळा उठतात हे मला ठाऊक आहे; पण ते त्यांनी नव्हे, वहिनींनी सांगितले.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, वजनाने सुमारे २० ग्रॅम असते. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो, आणि सारी कटकट येथेच आहे. ग्रंथी वाढली की वाट चेपते. धार बारीक होते, सुरू होण्यास वेळ लागतो, आणि आटोपून परत आले तरी आटोपल्यासारखे वाटत नाही. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली सापडते. पण वाढ असणे निराळे आणि त्रास होणे निराळे. मोठ्या ग्रंथीचा माणूस सुखाने झोपतो, लहान ग्रंथीचा येरझाऱ्या घालतो, असेही पाहावयास मिळते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, व तिचा कर्करोग होतही नाही. मात्र दोन्ही एकाच वयात येतात, म्हणून तपासणी टाळू नये.

आपल्याकडचा रोगी काय करतो? "वयोमानाप्रमाणे चालायचेच" म्हणतो. पाणी कमी पितो, एस्‌टीचा लांबचा प्रवास टाळतो, लग्नकार्यात दाराजवळची खुर्ची धरतो. मग एखाद्या दिवशी सर्दी होते. सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, लघवी साफ बंद होते, आणि वर्षभर जी गोष्ट घरात उच्चारली नाही तिच्यासाठी मध्यरात्री सारी आळी जागी करावी लागते.

आता आमच्या बाजूचे सांगतो. पोट उघडून ही ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया पीटर फ्रेयर यांनी १९०१ साली प्रसिद्धीस आणली. हे गृहस्थ त्यापूर्वी हिंदुस्थानात सरकारी डॉक्टर होते. पुढे मूत्रमार्गातूनच दुर्बिणीने ग्रंथी कोरून काढण्याची रीत आली, आणि शल्यवैद्यांचा हात सैल सुटला. अमेरिकेत जॉन वेनबर्ग यांनी १९८४ साली दाखवून दिले की आयोवा राज्यात एका भागात पंचाऐंशीपर्यंत पोहोचलेल्या पुरुषांपैकी १५ टक्क्यांची, तर दुसऱ्या भागात ६० टक्क्यांहून अधिकांची ही शस्त्रक्रिया झालेली असे. रोग तोच, फरक डॉक्टरांच्या मतांत! काही म्हणत, आज काढली नाही तर उद्या धोका वाढेल. पण सौम्य त्रासात लवकर शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढते, असे काही आढळले नाही. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात जाते, हेही रोग्यास आधी सांगावे लागते. सारे नीट समजावून सांगितल्यावर बऱ्याच जणांनी "थांबून पाहू" असेच म्हटले.

माझा स्वतःचा एक अपराध सांगतो. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. ग्रंथी मोठी होती. मी ती कोरली, आणि उत्तम कोरली. महिन्याने ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, धार झकास आहे. पण धारेची माझी तक्रारच नव्हती. मला झोप हवी होती." संध्याकाळी त्यांच्या पायांवर सूज येत असे; आडवे झाले की ते पाणी रात्रभर लघवीवाटे उतरे. मी पाय पाहिलेच नव्हते. पुढे त्यावर उपचार झाले, पण शस्त्रक्रिया काही परत घेता येत नाही.

आता तपासताना सात प्रश्नांचा एक तक्ता वापरतात, गुण पस्तीस. त्याखाली आठवा प्रश्न असतो : उरलेले आयुष्य असेच गेले तर तुम्हांस कसे वाटेल? मी हल्ली तोच प्रथम विचारतो. गोळ्याही दोन प्रकारच्या आहेत. एक स्नायू सैल करते, तिचा गुण थोड्या दिवसांत येतो. दुसरी ग्रंथी आक्रसवते, तिला सहा महिने द्यावे लागतात, आणि आठवड्यात गुण नाही म्हणून ती सोडणारे फार! लघवी वारंवार तुंबणे, मूत्रपिंडांवर ताण येणे, मूत्राशयात खडे होणे, अशा वेळी मात्र शस्त्रक्रियेची टाळाटाळ करू नये.

माझे ते स्नेही आज समोर बसले आहेत. दाराजवळच. ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी चिठ्ठी पाठवावी. तीवर नाव घालण्याचे कारण नाही.