दहा दिवसांचे मातृत्व



अपत्यवियोगाचे दुःख आपल्या परंपरेला अपरिचित नाही. राम वनात गेला आणि दशरथाने प्राण सोडले. अभिमन्यू पडला तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करण्याची प्रतिज्ञा अर्जुनाने केली. एकाला शोकाने संपविले, दुसऱ्याला उभे केले. परंतु अर्जुनासमोर निदान जयद्रथ तरी होता. अवघ्या दहा दिवसांचे मूल जाते, तेव्हा त्या मातेने बाण रोखायचा कोणावर?

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात कल्याणच्या एका मुलीपुढे उभा राहिला. ३१ मार्च १८६५ चा तिचा जन्म. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

अशा घरी समजूत घालणारे येतातच. ईश्वरेच्छा म्हणतात, वय लहान आहे म्हणतात, पुन्हा पाळणा हलेल म्हणतात. त्यांचा हेतू वाईट नसतो; पण जे मूल गेले त्याच्याविषयी त्यात एक शब्दही नसतो. आनंदीबाईंचा पाळणा पुन्हा हलला नाही. मात्र बाळाला वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे त्यांच्या मनातून गेले नाही. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा बाळंतिणी मरण पत्करीत, आणि स्त्री डॉक्टर तर नव्हतीच. आनंदीबाईंना आपला जयद्रथ येथे सापडला.

गोपाळरावांनी पत्नीला शिकविले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांचा स्वभाव तापट होता आणि शिकविताना हातही उठत असे, हेही लपविण्याचे कारण नाही. अमेरिकेत शिक्षणाची सोय व्हावी म्हणून त्यांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिले. उत्तरात धर्मांतराची अपेक्षा आली. ती दोघांनीही नाकारली. परंतु तो पत्रव्यवहार छापून आला आणि न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचला. ती पुढे आनंदीबाईंची ‘मावशी’ झाली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या (बंगालमधील, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे) महाविद्यालयात आनंदीबाईंनी भाषण केले. आपण का जात आहोत हे सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही सांगितले. ७ एप्रिलला अठरा वर्षांची ही स्त्री, पती सोबत नसताना, कलकत्त्याहून बोटीत बसली.

बाळ जाऊन तोवर सुमारे चार वर्षे झाली होती. हा हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आज एखाद्या घरावर असा घाला पडला, की महिनाभरातच ‘आता काहीतरी कामात मन रमवा’ असा आग्रह सुरू होतो. ध्येय हे औषध नव्हे, की घेतले आणि वेदना थांबली. आणि प्रत्येक मातापित्याने संस्थाच उभारली पाहिजे, असाही नियम नाही. कोणी शेजारच्या मुलाचा अभ्यास घेईल, कोणी वर्षभर नुसते गप्प बसेल.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई साडी नेसून, शाकाहार सांभाळून, कडाक्याच्या थंडीत शिकल्या. प्रकृती ढासळत गेली. पदवीसाठी त्यांनी निवडलेला प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दुःख विसरण्यासाठी माणसे सहसा विषय बदलतात. घरात त्या मुलाचे नाव निघत नाही, त्याची झबली-टोपडी ट्रंकेच्या तळाशी जातात. आनंदीबाईंनी मात्र गर्भवतीची निगा, प्रसूती, नवजात अर्भकाचे संगोपन हाच विषय अभ्यासाला घेतला. आपले प्राचीन ग्रंथ आणि अमेरिकेतील पाठ्यपुस्तके, दोन्ही शेजारी ठेवून त्या लिहीत होत्या. त्यातले प्रत्येक पान लिहिताना त्या आईला काय आठवले असेल, हे चरित्रकारही सांगू शकणार नाहीत.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या ‘सीपीआर’च्या, स्त्री विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले होते. वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण क्षय घेऊनच. त्या जागेवर त्यांना एक दिवसही काम करता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिना उरला होता.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशीकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पौकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या घरच्या माणसांच्या शेजारी, आनंदीबाईंच्या नावाची शिळा आजही आहे.