पंचविसाव्या वर्षी मी का आले नव्हते

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला 'बँकेतले अनुभव' हा विषय दिला होता. तो मी बाजूला ठेवते. तुमचं एक जुनं येणं माझ्याकडे बाकी आहे, ते आधी चुकतं करते.

२०१० च्या मे महिन्यात आपला रौप्यमहोत्सवी मेळावा झाला. मी इथेच कराडात होते, शाळेपासून पायी पंधरा मिनिटांवर. आले नाही. मुलाची परीक्षा आहे असा निरोप पाठवला. मे महिन्यात कसली परीक्षा, हे कोणी विचारलं नाही, हा तुमचा चांगुलपणा. 'बँकेत लागली, शिष्ट झाली' असं मात्र एकजण म्हणाली होती. ती आत्ता दुसऱ्या रांगेत बसून हसते आहे.

त्या दिवशी मी घरी काय करत होते, सांगू? शिवणाची टेप घेऊन पोटऱ्या मोजत होते. डावी साडेतेहतीस सेंटिमीटर, उजवी चौतीस. त्या अर्ध्या सेंटिमीटरवर मी दुपारभर रडले.

याची सुरुवात २००९ च्या दिवाळीनंतर झाली. रात्री अंथरुणावर पडलं की डाव्या पोटरीत कातडीखाली काहीतरी उडायचं. उंदराचं पिल्लू पोत्यात अडकल्यासारखं. मग मांडीत, दंडात, कधी ओठाच्या कडेला. डोळा लवला तर काय होतं ते माझ्या आजीला पाठ होतं: बाईचा डावा शुभ, पुरुषाचा उजवा. पण पोटरी लवली तर काय, हे आजीने सांगून ठेवलेलं नव्हतं. म्हणून मी मुलाच्या कॉम्प्युटरला विचारलं.

तिथे एक नाव सापडलं, मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात. हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. स्टीफन हॉकिंग यांना झालेला तो आजार. त्यांचा खुर्चीतला फोटो पाहिला आणि मी कॉम्प्युटर बंद केला. पण डोक्यातला चालूच राहिला. 'मन चिंती ते वैरी न चिंती' यावर आपण आठवीत निबंध लिहिला होता. मला दहापैकी आठ मिळाले होते. अर्थ चाळिशीत कळला.

मग परीक्षा सुरू झाल्या. दूध तापेपर्यंत चवड्यांवर उभं राहायचं. जिना एका पायाने चढून बघायचा. कॅशच्या गड्डीचं रबर दोन बोटांनी ताणून बघायचं. रात्री दोन वाजता न्हाणीघरात टॉर्च घेऊन आरशात जीभ बघत, चवड्यांवर उभी असताना आमच्या ह्यांनी मला पकडलं. म्हणाले, "काय गं, अंगात आलंय का?" मी हसले नाही. आता हसते. दिवसाला चाळीसदा पोटरीची परीक्षा घेतली की पोटरी दुखणारच. पण मला वाटायचं, बघा, दुखायला लागली, म्हणजे वाढतंय. नीट झोप नाही, आणि बँकेत दिवसाकाठी सात कप चहा. त्याने उडणं आणखी वाढायचं.

घरात कोणाला काही सांगितलं नव्हतं. ठेवींवर नॉमिनी लावले, लॉकरची किल्ली कुठे आहे ते वहीत लिहून ठेवलं. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती, तिला कुकर लावायला शिकवला. ती म्हणाली, "आई, एवढी घाई काय आहे?"

त्यातच हात थरथरायला लागला. खरं तर तो आधीपासून थोडा थरथरत असावा, पण आता मी टपूनच बसले होते. नोटा मोजताना, सही करताना. काउंटरपलीकडून एक आजोबा म्हणाले, "मॅडम, बरं नाही का?" मला वाटलं, आलं. पायातून हातात आलं. आठच दिवसांवर मेळावा होता. तिथे सगळ्यांसमोर हातात कप घ्यायचा, कोणीतरी विचारणार, मी सांगणार आणि मग ते खरं होणार, असं काहीतरी डोक्यात होतं.

मेळाव्यानंतर महिन्याभराने ह्यांनी मला पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली, हातापायांशी रेटारेटी केली. मग स्नायूंत बारीक सुई घालून ई. एम. जी. नावाची तपासणी झाली. त्यात स्नायूंतली वीज कानाने ऐकू येते. स्नायू सैल सोडला की मशीन गप्प, आवळला की खर्रर्र. सुई दुखते थोडी, पण त्या शांततेवरून मी कान काढला नाही.

डॉक्टरांनी कागद उलटा करून चित्र काढलं. एकेका नसेच्या हाताखाली स्नायूंच्या तंतूंचा एक गट असतो. कधी कधी नसेचं टोक वरून हुकूम नसताना आपणच ठिणगी टाकतं आणि तेवढा गट आचका देतो. म्हणजे मॉनिटरने न सांगता एका बाकावरच्या चौघांनी एकदम उभं राहावं, तसं. वर्ग काही कोसळत नाही. हे थोडंफार जवळजवळ सगळ्यांना होतं. दमणूक, जागरण, चहा-कॉफी आणि काळजी यांनी वाढतं. माझ्यासारख्या काहींना वर्षानुवर्षं होतं. त्या दुसऱ्या आजारात ताकद जाते, स्नायू वाळतो. ताकद पूर्ण, तपासणी स्वच्छ आणि नुसतं उडणं, म्हणजे तो आजार नव्हे. पोटऱ्यांच्या अर्ध्या सेंटिमीटरवर ते म्हणाले, "माझ्या मोजल्या तर माझ्याही सारख्या भरणार नाहीत." अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी असं नुसतं उडणाऱ्या १२१ जणांवर २ ते ३२ वर्षं लक्ष ठेवलं होतं आणि १९९३ साली ते छापलं. एकालाही तो आजार झाला नव्हता.

मग हाताची पाळी आली. एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. कागदावर आतून बाहेर वळत जाणारी चकली काढायला लावली. मैत्रिणींनो, चकलीला काटा आला तर आपण सुगरण. ही माझी चकली इतकी काटेरी आली की डॉक्टरही हसले. हात मांडीवर निवांत असताना थरथरत नाही, कामाला लावला की थरथरतो, हे त्यांनी मला दाखवलं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, बहुतेक वेळा उलटं असतं. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाचा हात थरथरायचा का?"

मी 'नाही' म्हणणार होते आणि गप्प झाले.

माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यांच्या गाडीने तुम्ही शाळेला आला आहात. तिकीट पंच करताना, सुटे पैसे परत देताना त्यांचा हात कापायचा. गावात लोक म्हणायचे, पितो. गळ्यात माळ, दर वर्षी आषाढीला पंढरपूर, आणि पितो! आठवीत माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी सही केली. ती अशी वेडीवाकडी होती की आपल्या वर्गशिक्षिका बाईंनी मला उभं करून विचारलं, "ही सही वडिलांचीच का?" बाई वाईट नव्हत्या, त्यांच्या जागी कोणालाही शंका आली असती. मी 'हो' म्हणाले. कोणीतरी मागून हसलं. पुढच्या चाचणीला मी पुस्तक वडिलांना दाखवलंच नाही. सही मीच केली, सरळ, वळणदार. माझं अक्षर चांगलं होतं, फळ्यावर सुविचार मीच लिहायची. बाईंनी बघितली आणि काही विचारलं नाही. खरी सही खोटी ठरली होती, खोटी चालून गेली. नववी-दहावीच्या सगळ्या सह्या माझ्या आहेत. वडील १९९८ मध्ये गेले. मुलगी आपल्याला प्रगतिपुस्तक का दाखवत नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही. कारण त्यांना कळलं असावं.

डॉक्टर म्हणाले, याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, बऱ्याच घरांत तो आईबापांकडून मुलांकडे येतो. पुण्याहून परत येताना मी खिडकीशी बसले आणि खंबाटकीच्या घाटापर्यंत माझ्या हाताकडे बघत होते. हा हात माझ्या ओळखीचा होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. ते निदान मला बरोबर अकरा दिवस पुरलं. बाराव्या दिवशी वाटलं, सुई डाव्या पोटरीत नीट गेलीच नसेल तर? मग दुसरे डॉक्टर. मग तिसरे. प्रत्येक चांगल्या रिपोर्टचा उतारा आधीच्यापेक्षा कमी दिवस टिकायचा. तिसऱ्यांनी सांगितलं, "तुमच्या नसा ठीक आहेत, भीती आजारी आहे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा." मी घरी येऊन ह्यांच्यावर ओरडले, म्हणजे मला वेड लागलंय का? सहा महिने गेले नाही. ते सहा महिने मी नुसते वाया घालवले.

तिथे काय झालं? जादू काही नाही. टेप ह्यांनी काढून घेतली. चवड्यांवर उभं राहायचं नाही, जीभ बघायची नाही, कॉम्प्युटरला विचारायचं नाही. तपासावंसं वाटलं तर आधी दहा मिनिटं थांबायचं, मग वीस, आणि तेवढ्यात वाटणारी भीती नुसती वहीत लिहायची. सगळ्यात अवघड नियम ह्यांना होता. मी "काही झालं नसेल ना मला?" असं विचारलं की त्यांनी उत्तर द्यायचं नाही, कारण उत्तर मिळालं की भूक वाढते. त्यांनी त्यावर एक वाक्य शोधलं: "दूध उतू जातंय." गॅसवर दूध असो वा नसो. आमच्या घरात अजून ते वाक्य चालतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात; माझा गेला नाही, पण आता तो मागच्या बाकावर बसतो आणि वर्ग चालू राहतो.

पोटरी आजही उडते. आत्ता बोलताना उडते आहे. हाताला बारीक गोळी आहे, मोठ्या कार्यक्रमाच्या आधी घेते. मला लागू पडली म्हणून कोणी माझ्याकडे मागू नका. दम्याच्या माणसाला ती चालत नाही. आणि हातापायातली ताकद खरंच कमी वाटत असेल, वस्तू निसटत असतील, तर माझी गोष्ट ऐकून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. एकदा नीट दाखवा, एवढंच. मी तीनदा दाखवलं.

२०१९ मध्ये मुलीला बघायला पाहुणे आले. चहाचा ट्रे माझ्या हातात, कपबशा खणखणल्या, बैठकीतलं बोलणं थांबलं. वडिलांनी काय केलं असतं, ते मला माहीत होतं: मान खाली घालून पुढे गेले असते. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "माझा हात थरथरतो. माझ्या वडिलांचाही थरथरायचा. ते पीत नव्हते." शेवटचं वाक्य कोणी विचारलं नव्हतं, पण ते माझ्याकडे फार वर्षं पडून होतं. लग्न झालं, नातू तीन वर्षांचा आहे.

२०१० च्या मेळाव्यात बाईंनी आपल्या वर्गाची हजेरी घेतली होती, असं मला नंतर कळलं. माझ्या नंबरला कोणीतरी 'गैरहजर' म्हणालं आणि बाईंनी विचारलं, "का?" बाई २०१४ मध्ये गेल्या. सह्यांचं त्यांना सांगायचं राहिलं. म्हणून आज तुम्हाला सांगितलं. त्यांच्या जागी तुम्हीच.

दारातून चहा तयार आहे असं खुणावतायत. माझा कप अर्धाच भरा, आणि बशी नको.