चितळकरांच्या गाण्यातला ट्रम्पेट



आमच्या झाडीपट्टीतल्या लाखनीकडे दिवाळी झाली की मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे दिवस येतात. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आणि नाटकं रात्र रात्र रंगतात. अलीकडे ऑर्गन आणि तबल्याच्या शेजारी ऑक्टोपॅडही आला आहे. हे बाहेरचं वाद्य कशाला, असं जुनीजाणती मंडळी विचारतात. त्यांची काळजी खरी आहे. म्हणूनच आज ट्रम्पेटसारखं बाहेरचं वाद्य आपल्या गाण्यांत आणणाऱ्या संगीतकार सी. रामचंद्र यांच्याविषयी बोलावंसं वाटतं.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ सालचा, पुणतांब्याचा. गाण्याचे धडे त्यांनी आपल्या नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे घेतले. गायक वसंतराव देशपांडेही याच सप्रे गुरुजींचे शिष्य. रामचंद्र नट व्हायला निघाले, मिनर्व्हा मूव्हीटोन या चित्रपट कंपनीत पेटीवर बसले आणि पुढे संगीतकार झाले. चाल तर त्यांची असेच, अनेकदा गळाही त्यांचाच. गायक म्हणून ते नाव लावत 'चितळकर'.

मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत तेव्हा जॅझ वाजत असे. वाजवणारे बहुतेक गोव्याचे. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी शिकलेले, कागद समोर ठेवला की वाजवणारे. त्यांच्यातले हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' म्हणून गाजले. ट्रम्पेट असा वाजवत, की लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रामचंद्रांनी त्यांना आपल्या गाण्यांत आणलं.

'अलबेला' आला १९५१ साली. 'शोला जो भडके' पुन्हा एकदा लक्ष देऊन ऐका. खाली बोंगोचा ठेका, मध्ये सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटचे तुकडे, पण लताबाई आणि चितळकर गातात ती चाल एकदा ऐकून आपल्याला गुणगुणता येते. त्याच चित्रपटात पिलूच्या वळणाची 'धीरे से आजा री' ही अंगाईही आहे. दोन्ही एकाच माणसाच्या. दोन वर्षांनी त्यांनीच 'अनारकली'ला संगीत दिलं आणि १९६३ साली 'ऐ मेरे वतन के लोगों' देशाला दिलं.

सप्रे गुरुजींकडचा पाया पक्का होता, म्हणून ट्रम्पेट आला तरी चाल डळमळली नाही. आणि जे आपल्याला येत नाही ते ज्याला येतं त्याच्यावर सोपवण्याचा मोठेपणाही त्यांच्याकडे होता. 'अलबेला'त चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. एरवी त्या काळात किती वादकांचे चेहरे लोकांना दिसले?

झाडीपट्टीत स्वतः गाणी रचून स्वतः गाणारी पोरं-पोरी आज गावोगावी आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. ऑक्टोपॅड घ्या, गिटार घ्या, खुशाल घ्या. पण आधी दंडारीतल्या जुन्या गायकाजवळ बसून त्याच्या चाली गळ्यात उतरवून घ्या. आणि मंचावर साथ करणाऱ्याचं नाव आपल्या नावाबरोबर मोठ्यानं सांगा.