पंढरीचे दार कोणासाठी उघडले?



महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांत साने गुरुजी ओळखले जातात ते ‘श्यामची आई’चे लेखक म्हणून. त्या कोवळ्या पुस्तकामागचा निग्रही माणूस मात्र पुष्कळांना अपरिचित राहतो.

पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकूस कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. ज्यांचे अभंग वारकऱ्यांच्या मुखी आहेत, ते संत मृत्यूनंतरही दाराबाहेरच राहिले. त्यांच्या जातीची माणसे पुढे शतकानुशतके तेथूनच हात जोडून परतली.

हे शल्य गुरुजींना सोसेना. १९४६ च्या कार्तिकीलाच ते उपोषणास बसणार होते. सहकाऱ्यांच्या आग्रहास्तव ते थांबले आणि त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला. गावोगावची देवळे आणि पाणवठे खुले झाले. पंढरीचे दार मात्र बंदच राहिले. अखेर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले.

उपोषण म्हणजे समोरच्याच्या मनावर आणलेली सक्ती, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. खुद्द गांधीजींनी उपोषण सोडावे म्हणून तार केली. गांधीजींवर निस्सीम श्रद्धा असलेल्या गुरुजींनी या एका बाबतीत त्यांचेही ऐकले नाही. श्रद्धेच्या माणसाला नकार देताना त्यांच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

या घटनेकडे ‘अस्पृश्यांना विठ्ठल मिळवून दिला’ अशा दृष्टीने पाहिले जाते. ती दृष्टी अपुरी आहे. विठ्ठल चोखोबांना केव्हाच भेटला होता. देव हरवला होता तो दार लावून घेणाऱ्यांचा. गुरुजींचे उपोषण हे दलितांवरचे उपकार नव्हते. सवर्ण समाजातील एका माणसाने आपल्या समाजाच्या वतीने घेतलेले ते प्रायश्चित्त होते, आणि त्याचे आध्यात्मिक मोल यातच आहे.

मात्र प्रायश्चित्त घेतले म्हणजे समेट झाला, असे नव्हे. मार्च १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यामुळे पंढरीचे दार उघडले तेव्हा अनेकांना आत जाण्याची ओढच उरली नव्हती. त्यांना कृतघ्न कोण म्हणेल? उंबऱ्याबाहेर पिढ्यान्‌पिढ्या उभे ठेवलेल्या माणसाला आत येण्याचा जितका अधिकार, तितकाच पाठ फिरवून निघून जाण्याचाही.

दुसऱ्या बाजूलाही सारे निवळले नाही. मंदिर बाटले असे मानून काही जुन्या मताच्या भाविकांनी पुढे गाभाऱ्यात पाऊल टाकले नाही. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेरच आहे, आणि दर्शनाला निघालेले वारकरी आधी तिच्यापुढे वाकतात.